लहान कुळाची शाळा कशी रचावी: समुराई फँटसी आरपीजीच्या जीएमसाठी पायरी-पायरीने

लीजेंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज हा समुराईंच्या काल्पनिक जगातला आरपीजी, म्हणजे पात्रं घेऊन खेळायचा खेळ. तो खेळणाऱ्या टेबलावर कधी ना कधी एखादा प्लेयर मोठी कुळं बाजूला सारून म्हणतोच, "मला क्रेन नको, लायन नको, स्कॉर्पियन तर नकोच. लहान कुळातला समुराई करायचाय." पुस्तकात दिलेल्या लहान कुळांपैकी एखादं त्याला आवडलं तर प्रश्न मिटला. नाही आवडलं, तर नवं कुळ आणि त्याची शाळा, म्हणजे त्या कुळाची खास तंत्रं शिकवणारी परंपरा, रचायचं काम जीएमकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याकडे, येतं. बहुतेक जण इथे थेट तंत्रांच्या यादीला हात घालतात. पहिल्या रँकला काय द्यायचं, तिसऱ्याला काय, पाचव्याला काय. यातून एकतर मोठ्या कुळाच्या शाळेची फिकी नक्कल तयार होते, नाहीतर चार शाळांमधली चांगली चांगली तंत्रं उचलून बांधलेलं गाठोडं. पहिलं घेतलेला प्लेयर तिसऱ्या सेशनला कंटाळतो. दुसरं घेतलेला बाकीच्यांना कंटाळा आणतो.

लहान कुळाची ताकद त्याच्या कामातून निघाली पाहिजे, यावर मी ठाम आहे. मोठ्या कुळांनी जे काम टाळलं, ज्याला कमी लेखलं किंवा जे त्यांना जमलंच नाही, ते पिढ्यानपिढ्या करत राहिल्यामुळे या माणसांना जे येतं, तेच त्यांचं तंत्र. त्याचा आवाका छोटा असावा, पण त्या आवाक्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नसावा. आणि त्याची किंमत त्यांनी मोजलेली दिसावी. हे तिन्ही कसं साधायचं ते एका पूर्ण उदाहरणावर दाखवतो.

नियम २०१० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीचे धरले आहेत, कारण आपल्याकडे अजूनही बरीच टेबलं त्यावर चालतात आणि तिची शाळांची मांडणी सुटसुटीत आहे. नवख्यांसाठी थोडक्यात: फासे दहा बाजूंचे. ट्रेट (अंगचा गुण) आणि स्किल (शिकलेलं कसब) यांच्या बेरजेइतके फासे टाकायचे आणि ट्रेटइतके ठेवायचे. ५के३ म्हणजे पाच टाका, तीन ठेवा. दहा पडला की तो फासा पुन्हा टाकून बेरीज वाढवायची. अवघड काही साधायचं असेल तर स्वतःहून टार्गेट नंबर (टीएन), म्हणजे बेरजेने गाठायचा आकडा, पाचाने वाढवून घ्यायचा, त्याला रेज म्हणतात. टीएन न वाढवता मिळालेला रेज म्हणजे फ्री रेज. शाळेला पाच रँक असतात आणि दर रँकला एक तंत्र मिळतं.

पायरी १: आधी काम शोधा

खेळ जिथे घडतो तो रोकुगान हा कल्पनेतला देश आहे, पण त्याचा बराचसा पाया जपानच्या इतिहासातून घेतलेला आहे. म्हणून मी कुळाची कल्पना शोधताना आधी इतिहासाकडे वळतो. तिथली लहान घराणी कुठल्याही जीएमला सुचणार नाही अशा कामांवर जगलेली आहेत.

एदो काळात दाइम्योची, म्हणजे मुलूख सांभाळणाऱ्या सरदाराची, पत त्याच्या जमिनीत किती कोकू (धान्याचं माप) भात पिकतो यावर मोजली जायची. दहा हजार कोकू ही दाइम्यो म्हणवून घ्यायची किमान पायरी. पण उत्तरेला एझोवर, म्हणजे आजच्या होक्काइदोवर, बसलेल्या मात्सुमाए घराण्याकडे मोजण्याजोगी भातशेतीच नव्हती. तिथल्या मूळ रहिवासी ऐनू लोकांशी व्यापार करण्याचा मक्ता हीच त्यांची दौलत. त्सुशिमा बेटावरचं सो घराणं कोरिया आणि जपान यांच्या बरोबर मध्ये. दोन्ही दरबारांचा मान राहावा म्हणून त्यांच्याकडून राजपत्रांतच फेरफार होत गेले. प्रकरण फुटलं आणि १६३५ मध्ये खुद्द शोगुनसमोर, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशासमोर, त्याचा निवाडा झाला. सानादा घराण्याने उएदाच्या किल्ल्यावरून १५८५ मध्ये तोकुगावांची मोठी फौज परतवली. १६०० मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला, तेव्हा त्यांनी तोकुगावांच्या हिदेतादाला इतकं अडकवून ठेवलं की तो सेकीगाहाराच्या निर्णायक लढाईला पोचलाच नाही.

आता याच तीन घराण्यांकडे जीएमच्या नजरेने पाहा. पहिल्यातून अनोळखी माणसाला कशाची किंमत वाटते हे ओळखणारी शाळा निघते. दुसऱ्यातून एकच निरोप दोन बाजूंना दोन तऱ्हांनी ऐकू येईल असा मांडणारे दरबारी. तिसऱ्यातून शत्रूचा वेळ खाणारे लढवय्ये. एकातही "हल्ल्याला जादा फासे" हा विचार सुरुवातीला येत नाही, आणि तसाच तो यायला नको.

खेळातली चांगली वठलेली लहान कुळंही अशीच आहेत. वास्प कुळाचे त्सुरुची धनुर्धारी फरारी गुन्हेगारांचा माग काढतात. टॉरटॉइज कुळ सम्राटासाठी परदेशी लोकांशी गुपचूप संबंध ठेवतं. ड्रॅगनफ्लाय कुळ ड्रॅगनांच्या डोंगराळ मुलखाच्या उंबरठ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची दखल घेतं. कुळाचं नाव घेतलं की काम आठवतं.

आपल्या उदाहरणासाठी मी ओइ नदी घेतो. एदो आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो रस्ता शिमादा आणि कानाया या दोन मुक्कामांच्या मध्ये ही नदी ओलांडतो. शोगुनशाहीच्या काळात तिच्यावर पूल नव्हता आणि प्रवाशांसाठी नावाही नव्हत्या. लोकांना हमाल खांद्यावर किंवा पाटासारख्या डोलीत बसवून पलीकडे नेत. काठावरच्या कचेरीत त्यासाठी तिकीट घ्यावं लागे, त्याला कावाफुदा म्हणत. दर पाण्याच्या खोलीवर ठरायचा. पाणी साडेचार शाकूंच्या, म्हणजे सुमारे १३६ सेंटिमीटरच्या वर गेलं की उतार, म्हणजे नदी ओलांडणं, बंद. मग दाइम्योचा लवाजमा असला तरी काठावर मुक्काम. ही पद्धत १८७० पर्यंत चालली.

हे वाचताच कुळ समोर उभं राहतं. नाव ठेवू पाणकावळा, घराणं कावासे. दोन मोठ्या कुळांच्या सरहद्दीवरून वाहणारी नदी. पूल बांधायला दोघांचाही विरोध, कारण पूल झाला की शत्रूची फौज येणार. पण दूत, वऱ्हाडं, पुरोहित, ओलीस या सगळ्यांना तर पलीकडे जायचंच असतं. कावासे समुराई त्यांना छातीभर पाण्यातून नेतात. समुराईने लोकांना खांद्यावर वाहायचं यावर दरबारात कुजबुज होते, आणि उद्या त्याच कुजबुजणाऱ्यांना नदी ओलांडायची असते.

पायरी २: कुळाचं एकच क्रियापद ठरवा

कामाचं वर्णन लांबलं तरी चालेल, पण त्यातून शेवटी एकच क्रियापद उरलं पाहिजे. "लढणं", "रक्षण करणं", "फसवणं" ही फार ऐसपैस आहेत, ती मोठ्या कुळांनी कधीच अडवून ठेवली आहेत. कावासेंचं क्रियापद आहे "पोचवणं". अमुक माणूस इथून तिथे, जिवंत. पुढचा प्रत्येक निर्णय या शब्दाशी ताडून पाहायचा. एखादं तंत्र पोचवण्याच्या कामी येत नसेल, तर ते कितीही झकास असो, गाळायचं.

पायरी ३: हे काम आधी कोण करतंय ते पाहा

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि पुढे भांडणं याच्यावरूनच होतात. पोचवणं म्हणजे शेवटी एका माणसाला सांभाळणं, आणि चौथ्या आवृत्तीत सांभाळणाऱ्यांची कमी नाही. क्रेन कुळाच्या दाइदोजींचा सगळा भर त्यावरच आहे. फीनिक्सांचे शिबा आपल्या शुगेंजांना, म्हणजे मंत्र चालवणाऱ्या पुरोहितांना, जपतात. सेप्पुन तर राजघराण्याचेच रक्षक. टेबलावर कोणी दाइदोजी खेळत असेल आणि तुमचं नवं कुळ तेच काम जास्त चांगलं करू लागलं, तर तो प्लेयर दुखावणार, आणि त्याचं दुखावणं रास्त असेल.

मग फरक कुठे? दाइदोजी उभा राहून रक्षण करतो. कावासे चालत राहून करतो. त्याला शत्रू मारायचा नसतो, जागा धरायची नसते, त्याला फक्त पलीकडचा काठ गाठायचा असतो. हा फरक सापडला की शाळा निम्मी झाली, कारण आता तंत्रं हालचालीवर बेतायची हे ठरलं. फरक नाहीच सापडला तर पायरी १ वर परत जा. नावं बदलून तीच शाळा पुन्हा लिहिण्यात काही हशील नाही.

पायरी ४: ढाचा

इथे फार वेळ घालवू नका, पण एक गोष्ट नीट सांभाळा. घराणं एका ट्रेटला +१ देतं आणि शाळा दुसऱ्या ट्रेटला +१ देते. सगळे ट्रेट २ पासून सुरू होतात आणि रिंग म्हणजे तिच्या दोन ट्रेटमधला लहान आकडा. तुम्ही घराण्याकडून विलपॉवर आणि शाळेकडून स्टॅमिना दिलंत, तर कॅरेक्टरची अर्थ रिंग एकही एक्सपी (अनुभवाचा गुण) न खर्चता ३ होते. अर्थ २ असलेला माणूस पहिल्या पातळीवर १० जखमा झेलतो आणि पुढच्या प्रत्येक पातळीवर ४. अर्थ ३ वाला १५ आणि ६. सुरुवातीच्या सेशनांमध्ये हा फरक जगण्या-मरण्याचा असतो. काही शाळांना तो शोभतो. लहान कुळाला तो द्यायचा तर विचार करून द्या, नकळत नको.

कावासेंसाठी मी घराण्याकडून पर्सेप्शन देतो, कारण त्यांना पाणी वाचता येतं, आणि शाळेकडून स्टॅमिना. दोन्ही वेगवेगळ्या रिंगमधले. स्किल्स: अ‍ॅथलेटिक्स, डिफेन्स, जिउजुत्सु, स्पिअर्स, एटिकेट, नद्यांचं लोअर (म्हणजे माहिती), आणि एक कुठलंही बुगेई (लढाईचं) स्किल प्लेयरच्या आवडीचं. एटिकेट मुद्दाम घातलंय. खांद्यावर बसलेला माणूस दरबारातला असतो आणि अर्धी नदी तो बोलत असतो. ऑनर (इभ्रतीचा आकडा) ४.५. सामानात दाइशो (समुराईच्या तलवारींची जोडी), भाला, हलकं चिलखत, प्रवासाचं गाठोडं आणि लाकडी तिकिटांची एक माळ. ही माळ शोभेची नाही, पुढे लागणार आहे.

पायरी ५: पहिल्या रँकचं तंत्र

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दुसऱ्या रँकला इनसाइट (रिंग आणि स्किल वाढले की वाढणारा आकडा) १५० लागते आणि तिसऱ्याला १७५. दर पंधरा दिवसांनी जमणाऱ्या ग्रुपला तिथवर जायला महिने लागतात, आणि बरीच कॅम्पेन (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टी) तिसऱ्या रँकच्या आसपास थांबतात. म्हणजे प्लेयर तुमच्या शाळेचं पहिलं तंत्रच सगळ्यात जास्त वापरणार. शिवाय मल्टिपल स्कूल्स ही अ‍ॅडव्हान्टेज (कॅरेक्टरला मिळणारी खास सवलत) घेऊन दुसऱ्या शाळेतला माणूसही ते तंत्र उचलू शकतो. एका रँकसाठी सगळ्यांनाच तुमच्या शाळेत डोकवावंसं वाटलं, तर तंत्र फार मोठं झालं असं समजा.

पहिल्यांदा सहज सुचतं ते असं: "पाण्यात किंवा चिखलात उभं असताना हल्ल्याला +२के१." कागदावर छान दिसतं. टेबलावर मात्र दोनच गोष्टी घडतात. जीएमने नदी आणली तर कावासे सगळ्यांना कापून काढतो, आणि नाही आणली तर त्याच्याकडे तंत्रच नसतं. भूगोलाला बांधलेली ताकद जीएमच्या मर्जीवर जगते. शिवाय क्रियापद विसरलं गेलं, हा हल्ला आहे, पोचवणं नाही.

आता नियमांमध्ये आधीच असलेलं काही हाताशी आहे का ते पाहू. गार्ड नावाची एक सिंपल अ‍ॅक्शन आहे. पाच फुटांच्या आतल्या माणसाला गार्ड केलं की त्याचा आर्मर टीएन, म्हणजे त्याला वार लागण्यासाठी गाठायचा आकडा, १० ने वाढतो आणि तुमचा ५ ने घटतो. कुठल्याही समुराईला हे करता येतं, पण फारसं कोणी करत नाही. नव्या शाळेसाठी नवे नियम शोधण्यापेक्षा असं पडून असलेलं जुनं हत्यार उचलणं केव्हाही चांगलं. प्लेयरला ते समजावावं लागत नाही आणि त्याचं वजन आधीच ठरलेलं असतं.

म्हणून पहिलं तंत्र असं लिहू. नाव: "उताराची ओळख". कावासे एका माणसाला आपलं तिकीट देतो आणि तो माणूस ते स्वखुशीने घेतो. एका वेळी असा एकच प्रवासी. त्या प्रवाशाला गार्ड करताना कावासेचा स्वतःचा आर्मर टीएन घटत नाही. कावासे हलला की त्याच हालचालीत प्रवासीही त्याच्याबरोबर हलू शकतो, प्रवाशाची अ‍ॅक्शन खर्च होत नाही. आणि अवघड जमिनीमुळे हालचालीत होणारी घट दोघांनाही लागू होत नाही.

यात हल्ल्याला एकही फासा नाही. तरी तंत्र किती वजनदार आहे ते आकड्यांत पाहा. एक दरबारी आहे, रिफ्लेक्सेस २, अंगावर चिलखत नाही. त्याचा आर्मर टीएन १५. समोर अ‍ॅजिलिटी ३ आणि केंजुत्सु (तलवारबाजी) २ असलेला साधा रोनिन (धनी नसलेला समुराई), म्हणजे ५के३, सरासरी २४-२५ च्या आसपास. तो या दरबाऱ्याला क्वचितच चुकतो. गार्ड केल्यावर टीएन २५ होतो आणि रोनिनचे सुमारे निम्मे वार हुकतात. इकडे रिफ्लेक्सेस ३ असलेल्या कावासेचा टीएन चिलखताशिवाय २०. तंत्र नसतं तर तो १५ वर आला असता. मरणारा माणूस वाचतो, वाचवणाराही उघडा पडत नाही, आणि दोघं मिळून दाराकडे सरकतात.

तिकिटाची अट का? टेबलावर "मी नेमका कोणाला गार्ड करत होतो" हा वाद हमखास होतो. खरंच एक लाकडी तुकडा किंवा पुठ्ठ्याचं कार्ड करा आणि ज्याला प्रवासी केलं त्या प्लेयरच्या हातात द्या. वाद संपतो. शिवाय कार्ड देण्या-घेण्यातून प्रसंग तयार होतात. स्कॉर्पियन दूताने तिकीट मागितलं तर द्यायचं का? मानी लायन समुराई ते घ्यायला नकार देतो तेव्हा काय?

पायरी ६: दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत

पहिलं तंत्र नीट बसलं की बाकीची त्याच्याच फांद्या असतात. प्रत्येक रँकला नवी दिशा शोधू नका.

दुसऱ्या रँकला थोडं दात दाखवणं: प्रवाशावर केलेला वार हुकला, तर त्या हल्लेखोरावर कावासेच्या पुढच्या हल्ल्याला एक फ्री रेज. शत्रूने प्रवाशाला सोडून कावासेकडे वळावं असं आमिष यात आहे.

तिसरा रँक या शाळेचा कणा आहे, म्हणून तो जरा सविस्तर. चौथ्या आवृत्तीत एका टर्नला एक कॉम्प्लेक्स अ‍ॅक्शन किंवा दोन सिंपल अ‍ॅक्शन मिळतात, आणि हल्ला मुळात कॉम्प्लेक्स असतो. बहुतेक बुशी (योद्ध्यांच्या) शाळांना तिसऱ्या-चौथ्या रँकला हल्ला सिंपल करून मिळतो, म्हणजे टर्नला दोन वार. बुशीच्या ताकदीतली ही सगळ्यात मोठी उडी. लहान कुळाला ती द्यायची की नाही यावर मतं टोकाची असतात. दिली नाही तर कॅरेक्टर इथून पुढे मागे पडतं. सरसकट दिली तर कावासे इतर कुठल्याही तलवारबाजासारखाच होतो. मी ती अटीवर देतो: ज्या टर्नला कावासे आपल्या प्रवाशाला गार्ड करतो, त्याच टर्नला भाल्याने किंवा काठीने केलेला हल्ला सिंपल. एक गार्ड, एक वार. दोन वार कधीच नाहीत. तोपर्यंत त्याला दर टर्नला रक्षण आणि हल्ला यांतून एक निवडावं लागत होतं, आता दोन्ही जमतं. मोठ्या कुळाच्या योद्ध्याला याचा हेवा वाटायचं कारण नाही, आणि कावासेला मागे पडल्यासारखंही वाटत नाही. शाळा रचताना जे बक्षीस सगळ्यांना मिळतं ते तुमच्या क्रियापदाच्या अटीवर द्या. माझ्या मते बॅलन्स साधायचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

चौथ्या रँकला वाट मोकळी करणं. नॉकडाउनला, म्हणजे वार करून समोरच्याला खाली पाडायला, एरवी दोन रेज लागतात, कावासेला प्रवासी जवळ असताना एकच लागतो. पाण्यात माणसाचे पाय काढून घेणं हे त्यांचं रोजचं काम.

पाचव्या रँकचं तंत्र क्वचित वापरलं जातं, पण कुळाची दंतकथा त्यातच असते. "पलीकडचा काठ": दिवसातून एकदा कावासे दिसणारी एक जागा बोलून दाखवतो. वॉटर रिंगइतक्या राउंडपर्यंत प्रवाशाला होणारी सगळी इजा कावासे स्वतःवर घेतो आणि त्यातून आपल्या अर्थ रिंगच्या दुप्पट वजा करतो. अट एकच. या काळात वाट अडवणाऱ्याखेरीज कोणावरही वार करायचा नाही आणि प्रत्येक राउंडला त्या जागेच्या जवळच जायचं.

पायरी ७: फाशांचा हिशोब

तंत्र लिहिताना चार-पाच मोबदले पुन्हा पुन्हा हातात येतात आणि ते सारखे भासतात. ते सारखे नसतात. ५के३ ची सरासरी सुमारे साडेचोवीस धरा. एक जादा टाकायचा फासा, म्हणजे ६के३, तिला सुमारे २ ने वाढवतो. फक्त ठेवायचा एक फासा वाढवला, म्हणजे ५के४, तर वाढ ४ च्या जवळ. दोन्ही वाढवले, म्हणजे ६के४, तर जवळपास ७. फ्री रेज सरळ ५ चा. व्हॉइड पॉइंट (अडचणीच्या वेळी खर्चायचा मोजका राखीव गुण) खर्चून मिळतं तेही +१के१ च, म्हणजे पहिल्या रँकला तुम्ही "नेहमी +१के१" दिलंत, तर प्रत्येक रोलला फुकटचा व्हॉइड पॉइंट दिलात. असं तंत्र टेबलावर बाकी सगळ्यांची चव घालवतं.

माझा अंदाज असा: पहिल्या रँकचा कायमचा फायदा सरासरीने ५ च्या वर जाऊ नये. अट घातली असेल आणि ती खरोखर जाचक असेल, तर ७ पर्यंत चालेल. खरोखर जाचक म्हणजे निदान निम्म्या प्रसंगांत ती आड आली पाहिजे. "दिवसा उजेडी" ही अट नव्हे.

पायरी ८: किंमत

लहान कुळ लहान का राहिलं, याचं उत्तर शाळेच्या पानावर दिसायला हवं. एक्सपी कापून किंवा ट्रेट घटवून ती किंमत वसूल करू नका. प्लेयरला ती शिक्षा वाटते आणि गोष्टीला काही मिळत नाही. किंमत कर्तव्याच्या रूपात ठेवा. कावासेने तिकीट दिलं की प्रवासी पलीकडे पोचेपर्यंत किंवा स्वतः तिकीट परत करेपर्यंत ते काढून घेता येत नाही. मध्येच कळलं की हा माणूस खुनी आहे, तरीही नाही. सोडून दिलंच तर ऑनर ०.५ ने घटतो आणि कुळाच्या वहीत नोंद होते. अशा एका अटीतून दोन सेशनांचं नाट्य निघतं, आणि कुठल्याही मायनस आकड्यापेक्षा ती प्लेयरच्या जास्त लक्षात राहते.

दुसरी किंमत प्रतिष्ठेची. मोठ्या कुळाचा माणूस कावासेला दरबारात खालच्या जागी बसवील, त्याच्या हातच्या भेटवस्तूकडे बघणार नाही. जीएमने हे खेळात आणलं पाहिजे, पण दर वेळी नाही. रोज अपमान झाला की प्लेयर कुळावर चिडण्याऐवजी जीएमवर चिडतो.

दरबारी आणि शुगेंजा असतील तर

दरबाऱ्याची शाळा रचायची पद्धत हीच. फक्त फायदे रोलपेक्षा माहितीचे आणि प्रवेशाचे ठेवा: कोणाला भेटता येतं, कोणतं गुपित आधी कळतं, कोणाचा शब्द चालतो. शुगेंजा मात्र वेगळा. त्याची ताकद मंत्रांच्या यादीत असते आणि शाळेचं तंत्र एकच. लहान कुळात मी शक्यतो नवी शुगेंजा शाळा करत नाही. एखाद्या मोठ्या शाळेत शिकून आलेला लहान कुळाचा शुगेंजा जास्त रंगतदार ठरतो, कारण त्याची निष्ठा दोन ठिकाणी ओढली जाते.

पायरी ९: तीन प्रसंगांची चाचणी

कॅम्पेन सुरू करण्याआधी एका संध्याकाळी एक कावासे, एक मोठ्या कुळाचा बुशी आणि एक दरबारी घेऊन तीन प्रसंग खेळा. पहिला, अरुंद गल्लीत रोनिनांची टोळी. दुसरा, हिवाळ्यातला दरबार, हत्यारं दाराबाहेर. तिसरा, पूर आलेली नदी आणि मागून पाठलाग. फक्त तिसऱ्यात कावासे चमकला तर शाळा फार अरुंद आहे. तिन्हीत तोच चमकला तर फार रुंद. पहिल्या प्रसंगात तो उपयोगी, दुसऱ्यात निदान हजर आणि तिसऱ्यात अव्वल असला की बेत जमला. दरबाराच्या प्रसंगात कावासेकडे करण्यासारखं काहीच नसेल तर तंत्र बदलायची घाई नको, आधी तिकिटाकडे पाहा. भर दरबारात एखाद्याला तिकीट देणं म्हणजे "हा माझ्या जबाबदारीवर आहे" असं जाहीर करणं, आणि तेवढ्यानेही तिथली हवा बदलते.

मोठ्या कुळाच्या बुशीचा प्लेयर खेळत असताना त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. कावासेची टर्न आली की तो पुढे सरकून बसतो की फोन काढतो, यातून तुम्हाला कुठल्याही सरासरीपेक्षा जास्त कळेल.

पाचव्या आवृत्तीत न्यायचं असेल तर

२०१८ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत फासे वेगळे आहेत आणि शाळेची बांधणीही. तिथे सुरुवातीलाच एक शाळेची क्षमता मिळते, सहाव्या रँकला एक सर्वोच्च क्षमता, आणि मधल्या रँकना शिकायच्या स्किल्सची आणि तंत्रांची यादी असते. त्यामुळे "उताराची ओळख" सुरुवातीची क्षमता होते, "पलीकडचा काठ" शेवटची, आणि मधली तीन तंत्रं नव्याने लिहिण्याऐवजी पुस्तकात असलेल्या तंत्रांपैकी पोचवण्याला पूरक अशी यादीत घाला. आकडे जसेच्या तसे उचलू नका, तिकडचा हिशोब यशाच्या चिन्हांवर चालतो. तिकीट, एकच प्रवासी आणि अर्ध्यात न सोडण्याचं बंधन मात्र कुठल्याही आवृत्तीत जसंच्या तसं नेता येतं, कारण त्याला फासेच लागत नाहीत.

चाचणीनंतर बदल करायचे असतील तर एका वेळी एकच करा, आणि पहिल्या रँकला हात शेवटी लावा. गार्डचा फायदा जास्त वाटला तर आधी तिकीट देण्याला एक सिंपल अ‍ॅक्शन लावून पाहा. कमी वाटला तर प्रवासी दोन करा, पण दुसरा प्रवासी तिसऱ्या रँकपासून.